मंगळवार पेठेतलं घर: बांधकाम आणि विम्याच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२२

साताऱ्यातलं काम, देखरेख माझी. मंगळवार पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. जुनं घर उतरवून झालं, राडारोडा निम्मा उचलला गेला. सर निवृत्त मुख्याध्यापक, बाई अजून शिकवण्या घेतात. फंडाचे पैसे या घरात घालतायत, म्हणून यावेळी नोंदी वेगळ्या वहीत.

प्लॉट मागच्या बाजूला चढत जातो. पार्किंग तळाला घ्यायचं तर मागे साडेतीन मीटर कट आणि तिथे माती अडवायला रिटेनिंग वॉल. पूर्वेला शेजारच्या आजींचं घर, दगड-मातीतलं, आमच्या हद्दीला अगदी चिकटून. त्यांचं न्हाणीघर ज्या जमिनीवर उभं आहे तिला आत्तापर्यंत सरांच्या जुन्या घराच्या जोत्यानं धरून ठेवलं होतं. ते जोतं आता नाही.

मी सरांना म्हटलं, बांधकाम चालू असतानाच्या नुकसानीसाठी कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी काढू. ठेकेदार हसला. "मॅडम, बंगल्याला कोण पॉलिसी काढतं? पुलाला काढतात." पेठेत चाललेल्या कामांपैकी एकाचीही असेल असं मलाही वाटत नाही. तरी काढायची. पॉलिसीवर दोन्ही नावं हवीत, मालकाचं आणि ठेकेदाराचं. नुसती ठेकेदाराची असली तर भरपाईचा चेक त्याच्या खात्यात जातो आणि मालक त्याच्या मागे फिरत बसतो.

२८ नोव्हेंबर

एजंट प्रपोजल फॉर्म घेऊन आला. रकमेच्या रकान्यात ५० लाख भरून आणले होते. ठेका ५० लाखांचाच आहे, पण स्टील, टाइल्स आणि सागवान सर स्वतः घेऊन देणार आहेत, ते १२ लाखांचं. विमा काम पूर्ण झाल्यावरच्या एकूण किमतीवर उतरवायचा असतो, मालकानं पुरवलेल्या मालासकट. नाहीतर नुकसान झालं की कंपनी त्रैराशिक मांडते: घराची किंमत ६२, विमा ५०चा, म्हणजे ५ लाखांच्या नुकसानीला ४ लाख ३ हजार, आणि त्यातूनही एक्सेस, म्हणजे आपण सोसायची ठरलेली रक्कम, वजा. प्रीमियममध्ये फरक किरकोळ आहे. सरांनी गणित तिथेच कागदावर करून पाहिलं आणि एजंटला आकडा बदलायला लावला. गणिताचेच सर.

मुदत १८ महिने मागितली. ठेकेदार १२ म्हणतो. पेठेतल्या अरुंद बोळातून ट्रक येत नाही, सगळं छोट्या टेम्पोनं आणायचं. १२ महिन्यांत हे होत नाही.

६ डिसेंबर

पॉलिसीचा मसुदा आला. जेवणानंतर बसून पूर्ण वाचला. एजंटनं तो स्वतः वाचलेला नाही हे त्याच्याशी फोनवर बोलताना कळलं.

पहिल्या भागात प्रत्यक्ष काम: आग, पूर, वादळ, चोरी, दरड, कोसळणं, कामगाराची चूक. दुसऱ्या भागात तिऱ्हाईताचं नुकसान. आता वगळलेल्या गोष्टी. सदोष डिझाइनमुळे झालेलं नुकसान नाही, सरसकट नाही. सदोष माल किंवा सदोष कारागिरी असेल तर ती वस्तू पुन्हा करायचा खर्च नाही, मात्र त्या वस्तूमुळे अपघात होऊन शेजारचं नीट केलेलं काम मोडलं तर त्या मोडलेल्या कामाचे पैसे मिळतात. डिझाइन आणि कारागिरी यांतला हा फरक खूप मोठा आहे. स्लॅब पडला आणि कारण डिझाइन निघालं तर हाती काही नाही. कारण सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या तात्पुरत्या आधाराचं, निघालं तर सेंटरिंग सोडून बाकीचं मिळतं. डिझाइन करणाऱ्या आरसीसी कन्सल्टंटला फोन करून सांगितलं, प्रत्येक ड्रॉइंगवर तारीख आणि सही हवी, व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो चालणार नाहीत.

काम थांबल्यामुळे झालेलं नुकसान नाही. उशिराचा दंड नाही. आणि दुसऱ्या भागात अगदी तळाशी: कंपनामुळे किंवा आधार काढल्यानं अथवा कमकुवत झाल्यानं शेजारच्या मालमत्तेचं, जमिनीचं, इमारतीचं होणारं नुकसान नाही, वेगळं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, घेतलं नसेल तर.

म्हणजे आमच्या कामात ज्याची खरी भीती आहे, नेमकं तेच बाहेर! आजींच्या न्हाणीघराखालचा आधार आम्ही काढतोय, दुसरं काय करतोय?

एजंटला म्हटलं, हे एंडोर्समेंट हवं. "त्याची गरज पडत नाही मॅडम." म्हटलं, गरज पडली नाही तर आनंदच आहे, घ्या.

१२ डिसेंबर

एंडोर्समेंट मिळालं, थोडा जास्त प्रीमियम घेऊन. अटी नीट लिहून ठेवते, कारण पुढे सगळं यांच्यावरच ठरेल. शेजारची इमारत पूर्ण किंवा अंशतः कोसळली तरच भरपाई. काम सुरू होण्याआधी ती सुस्थितीत असली पाहिजे आणि तिच्या अवस्थेचा अहवाल विमाधारकानं स्वखर्चानं तयार केलेला असला पाहिजे. आधार देण्याचे आवश्यक उपाय आधीच केलेले हवेत. त्या उपायांचा खर्च आपला. आणि ज्या भेगांनी इमारतीच्या स्थैर्याला किंवा राहणाऱ्याला धोका नाही, त्या वरवरच्या भेगांना काही मिळणार नाही.

१९ डिसेंबर

आजींच्या घराची पाहणी. आजी आधी तयार नव्हत्या. "फोटो काढून नेशील आणि उद्या म्हणशील, भेगा आधीच्याच होत्या." शंका रास्त होती. त्यांना सांगितलं, म्हणूनच दोन प्रती करू, एक तुमच्याकडे राहील, दोन्हींवर तुमची, सरांची आणि ठेकेदाराची सही. पुण्याहून त्यांचा मुलगा आला, तो समोर उभा राहिला, मग काम झालं.

माजघराची भिंत दोन फूट जाड, दगड-मातीची, वरून चुन्याचा गिलावा, त्यावर कधीतरी लावलेला निळा डिस्टेंपर. स्वयंपाकघराच्या दारावर आडव्या लाकडी पाटाखाली जुनी भेग, केसाइतकी. देवघराच्या कोपऱ्यात आणखी एक, ही नुसती गिलाव्यातली. किल्लीनं टकटक केलं की पोकळ वाजते. न्हाणीघर नंतरचं, पत्र्याचं छप्पर, चार इंची विटा, भेग नाही.

प्रत्येक भेगेच्या शेजारी मोजपट्टी धरून फोटो घेतला, त्या दिवशीचं वर्तमानपत्र फ्रेममध्ये ठेवून. मग काचेच्या पट्ट्या. पातळ काचेची बोटभर लांब पट्टी भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसचा गोळा, वर तारीख. भिंत जरा जरी हलली तरी काच तडकते, ती खोटं बोलत नाही. आजींनी विचारलं, पुसताना हात लागला तर? म्हटलं, ती भिंत यंदा पुसू नका.

चहा झाला. आजींनी निघताना मला विचारलं, माझं घर पडणार आहे का गं? म्हटलं, पडू नये म्हणूनच हे चाललंय आजी.

९ जानेवारी २०२३

कामगारांची वेगळी पॉलिसी. ठेकेदाराला वाटत होतं की ऑल रिस्कमध्ये कामगारही आले. आले नाहीत. दुसऱ्या भागात रस्त्यानं जाणारा माणूस येतो, साइटवर काम करणारा येत नाही. त्याच्यासाठी १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याखालची पॉलिसी लागते. ३० वर्षांचा गवंडी कामावर असताना दगावला तर कायद्याचा हिशेब असा: महिन्याच्या पगाराचा अर्धा (पगार मोजताना १५,००० ही मर्यादा) गुणिले वयाचा घटक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. हा आकडा ऐकल्यावर ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी पॉलिसी काढली.

२६ मे

खोदाई उशिरा सुरू झाली. परवानगी, मग लग्नसराईत मजूर गायब, मग खाली पाषाण लागला तो ब्रेकरनं फोडणं. आता वळवाचे दिवस. कट एकदम न करता तुकड्यातुकड्यानं घ्यायचा ठरलाय: एक तुकडा खोदा, भिंत उभी करा, मग पुढचा. आजींच्या बाजूला लाकडी टेकू आणि वाळूची पोती. त्या टेकूंचे पैसे विमा देत नाही, सरांनी दिले.

काचा शाबूत.

१५ जुलै

साइट बुकातली नोंद जशीच्या तशी: "पूर्वेकडील रिटेनिंग वॉलच्या दुसऱ्या तुकड्यात वीप होलचे पाईप टाकलेले नाहीत. ड्रॉइंगप्रमाणे ७५ मिमी पाईप दीड मीटर अंतरावर हवेत. मागे गोटा-खडीची गाळणी न भरता थेट मुरूम भरला आहे. पुढचा भराव बंद. कोअर कटिंगनं भोकं पाडून मगच पुढे." ठेकेदाराची सही घेतली. कोअर कटिंगवाला २४ तारखेला येतो म्हणाला, त्याची मशीन कोरेगावात अडकलीय.

वीप होल म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर सोडणारी भोकं. भिंतीमागे पाणी साठलं आणि त्याला बाहेर यायला वाट नसली की ते पाणीच भिंत ढकलतं. मातीपेक्षा पाण्याचा दाब वाईट.

२२ जुलै

पहाटे बाईंचा फोन. भिंत गेली.

बुधवारी रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हापासून सगळ्यांचीच झोप उडालेली. इकडेही पाऊस थांबायला तयार नव्हता. पूर्वेचा दुसरा तुकडा पुढे कलंडून राफ्टच्या, म्हणजे पायाच्या सलग स्लॅबच्या, बांधलेल्या स्टीलवर पडला. त्यामागची माती सुटली आणि आजींच्या न्हाणीघराची एक भिंत आणि निम्मी फरशी खाली आली. पत्रा लोंबकळत होता. आजी माजघरात झोपलेल्या, त्यांना काही झालं नाही. त्यांना लगेच बाईंकडे, म्हणजे सरांच्या भाड्याच्या घरी आणलं.

सकाळी कोणालाही काहीही उचलू दिलं नाही. मुकादम माती काढायला निघाला होता, त्याला थांबवलं. पॉलिसीच्या अटीनुसार १४ दिवसांत लेखी कळवायचं असतं, पण १४ दिवस कशाला? आठच्या आत ईमेल, सोबत फोटो, साइट बुकाचं पान, पॉलिसी क्रमांक. मग कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन, तक्रार क्रमांक वहीत. आजींच्या जिवाला धोका आहे म्हणून न्हाणीघराला टेकू देण्याची परवानगी फोनवर मागितली आणि तेही ईमेलनं पक्कं केलं. टेकू लावण्याआधी पुन्हा फोटो.

मग आत जाऊन काचा पाहिल्या. देवघरातली शाबूत. दारावरच्या पाटाखालची तडकलेली, मधोमध, सरळ. केसाइतकी भेग आता दहाचं नाणं उभं शिरेल एवढी.

२४ जुलै

नुकसान तपासायला कंपनीचे सर्व्हेयर कोल्हापूरहून आले. छत्री, फीत, जुनी डायरी. बोलणं कमी. खड्ड्यात उतरून पडलेल्या भिंतीच्या तुकड्याजवळ उकिडवे बसले आणि पहिला प्रश्न: "ड्रॉइंगमध्ये वीप होल आहेत का?"

आहेत. ड्रॉइंग, तारीख, कन्सल्टंटची सही, सगळं पुढे ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. ड्रॉइंगमध्ये नसते तर दोष डिझाइनचा ठरला असता आणि स्वतःच्या कामाचा दावा तिथेच संपला असता. ड्रॉइंगमध्ये आहेत, भिंतीत नाहीत, म्हणजे दोष कारागिरीचा.

मग दुसरा प्रश्न, तो मला अपेक्षित होता. "१५ तारखेला तुम्हाला दोष कळला होता. तरी भिंत तशीच राहिली. हा जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा नाही का?" तोही पॉलिसीत वगळलेला आहे. म्हणजे ज्या पानानं दावा वाचला, त्याच पानानं तो बुडूही शकत होता. कोअर कटिंगवाल्याला पाठवलेला मेसेज, त्याचं २४ तारखेचं उत्तर, त्याला दिलेली आगाऊ रक्कम आणि भराव बंद केल्याचा आदेश दाखवला. दोष कळल्यावर तो दूर करायचं काम सुरू केलं होतं, हे त्यातून दिसत होतं. सर्व्हेयरांनी डायरीत काहीतरी लिहिलं. काय ते दाखवलं नाही.

ठेकेदार या सगळ्या वेळात भिंतीला टेकून उभा.

११ ऑगस्ट

आजींच्या घरावरून वाद. कंपनीचं म्हणणं: न्हाणीघर अंशतः कोसळलं, ते मान्य. माजघरातल्या भेगा वरवरच्या, त्या अमान्य.

देवघराची भेग वरवरचीच आहे, ती आम्ही मागितलीच नव्हती. दारावरची वेगळी. ती भिंतीच्या आरपार आहे, पाट एका बाजूला उचललाय. कंपनी सांगते, स्थैर्याला धोका असल्याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र द्या. कराडच्या इंजिनिअरांना आणलं. त्यांनी डिसेंबरच्या फोटोवर आणि आत्ताच्या फोटोवर एकच मोजपट्टी ठेवून फरक दाखवला आणि लिहून दिलं की पाटाचा टेकाव कमी झालाय, दार वापरणं सुरक्षित नाही. डिसेंबरमधला कागद नसता तर ही भेग जुनीच होती असं म्हणायला कंपनी मोकळी होती, आणि आम्हालाही तसं म्हणायचा मोह झाला असता.

आजींचा मुलगा सरांवर वकिलाची नोटीस पाठवणार होता. त्याला सांगितलं, जरूर पाठव, पण एक काळजी घे: आम्ही कंपनीला विचारल्याशिवाय तुझ्याकडे काहीही कबूल करू शकत नाही, कबूल केलं तर कंपनी हात वर करते. तो चिडला. शेजाऱ्याचं घर पडल्यावर "आमची चूक झाली" एवढंही म्हणायचं नाही, हे मलाही आवडत नाही. सर मात्र जाऊन आजींच्या पाया पडून आले. ते काही कबुली म्हणून नाही, असं आम्ही समजायचं!

१६ ऑक्टोबर

दावा मंजूर. आकडे असे.

स्वतःचं काम: पडलेला भिंतीचा तुकडा पुन्हा बांधायला १ लाख ९० हजार, त्यातला एकही रुपया नाही, सदोष वस्तू ती हीच. तिच्याखाली चिरडलेलं राफ्टचं स्टील, दोन फुटिंग आणि राडा उचलणं मिळून ३ लाख ४० हजार, एक्सेस वजा करून मंजूर. आजींचं न्हाणीघर आणि दारावरची भिंत २ लाख ७५ हजार, मंजूर, थेट आजींच्या नावे. देवघराचा गिलावा आणि सगळ्या माजघराचा रंग, नाही. तो सर स्वतःच्या खिशातून करून देतायत. आजींनी निळाच मागितला.

सरांचा प्रश्न: चूक ठेकेदाराची, मग कंपनी त्याच्याकडून वसूल करणार का? नाही. पॉलिसीत त्याचंही नाव आहे. कंपनी ज्याला विमा देते त्याच्यावरच दावा लावत नाही. सर गप्प झाले. मग म्हणाले, पण १ लाख ९० हजार त्यानंच द्यायचे ना? हो, ते करारानुसार. त्याच्या पुढच्या बिलातून कापू.

४ डिसेंबर

पुढचं बिल येण्याची वेळच आली नाही. ठेकेदार गेला. फोन बंद, सेंटरिंगच्या प्लेट्स रातोरात नेल्या, मजूर म्हणतात की त्यांचीही मजुरी बाकी आहे. तळमजल्याचे कॉलम उभे, स्लॅब नाही.

सगळ्यात आधी विमा कंपनीला कळवलं. काम थांबलं हे न सांगता साइट तशीच ठेवली आणि उद्या काही झालं तर ते "काम थांबल्यामुळे" या कलमात जातं. कंपनीनं पहारेकरी ठेवायची आणि उघडं स्टील झाकायची अट घालून मुदतीपुरतं कव्हर चालू ठेवलं. पहारेकऱ्याचा पगार सरांचा.

बाईंनी विचारलं ते सगळेच विचारतात: ठेकेदार पळाला तर त्याचा विमा नसतो का? आपल्याकडे बंगल्यासाठी नसतो. १ एप्रिल २०२२पासून शुअरटी बाँड विम्याचे, म्हणजे ठेकेदारानं काम सोडलं तर भरपाई देणाऱ्या हमीचे, नियम आले, पण ते रस्ते-पुलांसारख्या कामांसाठी. साताऱ्यातल्या दोन मजली घराच्या ठेकेदाराला तो कोण देणार? रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याची ५ वर्षांची दोषदुरुस्तीची हमी कलम १४(३)मध्ये आहे, ती प्रवर्तकानं, म्हणजे बिल्डरनं, विकलेल्या घराला. स्वतःच्या जागेवर ठेकेदार लावून बांधलेल्या घराला रेरा येतच नाही. हातात उरतं ते प्रत्येक बिलातून कापून ठेवलेलं ५ टक्के रिटेन्शन, जादा आगाऊ रक्कम न दिल्याचा शहाणपणा, आणि ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत घरबांधणी आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. ती करतोय.

७ डिसेंबर

सरांचा भाचा सिडनीत असतो, त्यानंही गेल्या वर्षी घर पाडून नवं बांधायला घेतलंय. काल व्हिडिओ कॉलवर बाईंनी त्याला हे सांगितलं, तर त्यानं त्याच्या घराचं विमा प्रमाणपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. न्यू साउथ वेल्समध्ये २०,००० डॉलरच्या वरचं घरकाम घ्यायचं तर बिल्डरनं मालकाकडून एक पैसाही घेण्याआधी मालकाच्या नावे विमा काढावाच लागतो. २०१०पासून हा विमा राज्य सरकारच देतं, आता आयकेअर या संस्थेमार्फत. बिल्डर दिवाळखोरीत गेला, मेला, परागंदा झाला किंवा भरपाईचा हुकूम न पाळल्यामुळे त्याचं लायसन्स निलंबित झालं, तर मालक थेट दावा करतो. मोठ्या दोषांना ६ वर्षं, बाकीच्यांना २. कमाल ३,४०,००० डॉलर, आणि अर्धवट सोडलेल्या कामासाठी ठेक्याच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंतच.

बाईंना ते स्वर्गासारखं वाटलं. भाचा म्हणाला, मामी, एवढं नाही. बिल्डर उभा आहे, धंदा चालू आहे आणि नुसता काम नीट करत नाही, तोवर हा विमा हलत नाही. आधी त्याच्याशीच भांडायचं. आणि प्रमाणपत्र खरंच निघालंय का ते स्वतः तपासायचं. यंदा ३१ मार्चला मेलबर्नची पोर्टर डेव्हिस ही कंपनी बुडाली, १,७००च्या आसपास घरं अर्धवट. तिथे व्हिक्टोरिया राज्यातही असा विमा सक्तीचा आहे, पण शेकडो कुटुंबांकडून कंपनीनं डिपॉझिट घेतलं आणि विमा काढलाच नव्हता. शेवटी सरकारनं तिजोरीतून पैसे दिले.

आमच्याकडे तिजोरी कोण उघडणार, असं सर म्हणाले. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी नव्या ठेकेदारांची यादी काढली.

१९ फेब्रुवारी २०२४

नवा ठेकेदार, वाईचा. जुन्यानं टाकलेल्या दोन कॉलममध्ये हनीकोंब. खडी उघडी, मध्ये पोकळ्या, आत बोट जातं. सरांनी आशेनं विचारलं, यावर दावा? नाही. इथे कुठला अपघात झालेला नाही, काहीही पडलेलं नाही, फक्त काम वाईट झालंय. पडलं असतं तर पडलेल्याखालचं मिळालं असतं. सर म्हणाले, "म्हणजे पडायची वाट बघायची?" तशीही बघता येत नाही, माहीत असून ठेवलं तर तेच जाणूनबुजून.

कॉलमचं सैल काँक्रीट काढून जॅकेटिंग, म्हणजे भोवती नवं काँक्रीट. खर्च जुन्याच्या रिटेन्शनमधून. रिटेन्शन तिथेच संपलं.

पॉलिसीची मुदत जूनमध्ये संपते. आजच मुदतवाढीचा अर्ज दिला. संपल्यावर दिला तर मधल्या काळात साइट उघडी पडते आणि कंपनी नव्यानं तपासणी मागते.

२ मे

१० मेला अक्षय्य तृतीया. बाईंना त्या दिवशी वास्तुशांत करून खाली राहायला यायचंय. वरचा मजला नंतर होऊ दे. भाड्याचं घर नकोसं झालंय, ते कळतं. पण बांधकामाच्या पॉलिसीत जो भाग वापरायला घेतला त्याचं कव्हर त्या दिवसापासून संपतं. वर स्लॅबचं काम चालू, खाली संसार. वरून सेंटरिंग पडलं तर खालच्या मजल्याचं नुकसान कोणाच्याच खात्यात नाही, शिवाय माणसं खाली झोपलेली.

तोडगा: वास्तुशांत करा, दूध उतू घाला, जेवणं करा, रात्री भाड्याच्या घरी झोपायला जा. गुरुजींना विचारलं, त्यांची हरकत नाही. आजींना पहिलं ताट वाढायचं ठरलंय.

२३ सप्टेंबर

ताबा दिला. बांधकामाची पॉलिसी बंद, त्याच दिवसापासून सरांच्या नावे भारत गृह रक्षा. ही १ एप्रिल २०२१पासूनची ठरावीक पॉलिसी, सगळ्या कंपन्यांकडे मजकूर तोच. रक्कम कमी पडली म्हणून त्रैराशिक यात नाही, ही चांगली गोष्ट. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, १० लाखांपर्यंत, आपोआप. आग, पूर, भूकंप, दरड, जमीन खचणं आहे.

पण खचण्याच्या कलमाखालची ओळ सरांना मोठ्यानं वाचून दाखवली. नव्या इमारतीचं नेहमीचं बसणं आणि त्यानं पडणाऱ्या भेगा नाहीत. भरावाच्या जमिनीची हालचाल नाही. सदोष डिझाइन, कारागिरी, माल नाही. खोदाई किंवा बांधकामामुळे खचलं तर नाही. आपल्या मागच्या अंगणात निम्मा भराव आहे. तिथे पत्र्याची शेड टाकायचा बाईंचा बेत आहे, तो पुढच्या पावसाळ्यानंतर.

नव्या ठेकेदाराचं रिटेन्शन पुढच्या ऑक्टोबरात सोडायचं, एक पूर्ण पावसाळा बघून. करारात दोषदुरुस्तीची मुदत तशीच लिहिली आहे. तोवर दर महिन्याला वीप होलमधून काठी घालून बघायचं, पाणी येतं का, माती येते का. पाणी आलं तर बरोबर. गढूळ माती आली तर मला फोन.

आजींच्या दारावर नवी काच लावली, आजची तारीख घालून. कराडच्या इंजिनिअरांचं बिल अजून द्यायचंय.